उर्फ बोका

१४ मार्च

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मजकूर चार ओळी, आणि मी लिहीत नाही याची फिर्याद दोन पानं. फिर्याद मान्य. फोन का करत नाहीस, तर आमच्या कचेरीच्या दारातच फोन एका लोखंडी खणात कोंडून ठेवावा लागतो, आणि तो सुटेपर्यंत तुझ्याकडे घोरण्याची वेळ झालेली असते. शिवाय फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं’ म्हणतो. पत्रात निदान माझी पाळी येते.

तू विचारतेस, तिथे नेमकं करतोस तरी काय? ऐक. आमचा संस्कृत विभाग बंद पडला तेव्हा विद्यार्थी दोन उरले होते, त्यातला एक खिडकीपाशी ऊन चांगलं येतं म्हणून बसायचा. पुढे चार-पाच भाषा येतात एवढ्या पुण्याईवर मला इथे घेतलं. सहा देशांनी मिळून चालवलेली ही कचेरी. नशेचा माल कुठल्या बंदरात सापडला, कोण कुणाबरोबर दिसला, हे एका देशानं दुसऱ्याला कळवायचं, आणि ते मी त्याच्या भाषेत करून द्यायचं. मालाला सीमा ओलांडायला एक रात्र पुरते, माहितीला महिना लागायचा. म्हणून आम्ही.

नियम दोनच सांगतो, बाकीचे ऐकून तुला झोप येईल. पहिला: खबर पुढे पाठवताना ती कुणाकडून आली ते झाकायचं. का, तर खबर देणाऱ्याचा जीव जातो. दुसरा: एकच गोष्ट तीन देशांकडून आली की तिच्यावर ‘पक्की’ असा शिक्का. नैयायिकांनी प्रमाणं चार मानली, आम्ही एकच मानतो: तिघांनी सांगितलं. हसू नकोस. परवाच एका देशाचं अर्धं वाक्य आणि दुसऱ्याचं अर्धं वाक्य मी शेजारी ठेवलं आणि फरशांच्या खोक्यांत लपवलेल्या गोळ्यांची अख्खी खेप बंदरातच अडली. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की अन्वय लावायला शिकलो ते फुकट गेलं नाही.

बसायची खोली बरी आहे, पण खिडक्या उघडत नाहीत. आत शिरायला दोन काचेची दारं. पहिलं बंद झाल्याखेरीज दुसरं उघडत नाही, त्यामुळे रोज सकाळी क्षणभर मी बरणीतल्या लोणच्यासारखा उभा असतो.

बोका कुठे आहे? तुझ्या लग्नाच्या दिवशी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपलेला नवरदेव पाहून मी ते नाव ठेवलं, ते अजून आपल्या तिघांच्या बाहेर गेलेलं नाही याचा मला अभिमान आहे. जहाजावर लोक ‘चीफ’ म्हणून सलाम करतात. करोत बापडे. त्यांनी त्याला झोपलेला पाहिलेला नाही.

दादा

२ एप्रिल

ती. शास्त्रीबुवांस,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, म्हणून दोन अंगं वजा.

तुझ्या दोन दारांचं वाचून हसले. मावशी म्हणायची ते खरं, तुला कुठेही ठेवा, तू दोन पायऱ्यांच्या मध्येच उभा राहणार.

दुकान ठीक चाललंय. काल एक बाई आल्या, म्हणाल्या, असा चष्मा द्या की ज्यातून सून बरी दिसेल. मी म्हटलं, काकू, आमच्याकडे एवढ्या नंबराच्या काचा येत नाहीत.

आता खरं सांगते. बोक्याचा पत्ता नाही. मागच्या बंदरातून निघताना बोलला, ‘इंजिन कुरकुरतंय, मालक नवा भाग देत नाही,’ असं म्हणाला, त्यानंतर काही नाही. एवढे दिवस तो कधी गप्प बसत नाही. कंपनीत फोन केला तर तिथली मुलगी म्हणते, ‘मॅडम, जहाज मार्गावर आहे.’ अगं, मार्गावर तर आपण सगळेच आहोत! सासरे रोज जेवताना त्याचं ताट मांडायला लावतात आणि मग मला विचारतात, हे कुणाचं?

तुझ्या कचेरीत सगळ्या बंदरांची खबर येते ना? बघ की जरा. कुणाला कळू न देता. नुसतं कळलं की बुडाला नाही, तरी मी झोपेन.

खार

१९ एप्रिल

चि. खारीस,

बुडालेला नाही. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढे.

नियमानं असं विचारायचं नसतं, पण नियमाला बहीण नसते. किनाऱ्यावरच्या कचेरीत एक बाई आहेत. माझी आणि त्यांची कधी भेट नाही, पण रोज संदेशांची ये-जा, त्यामुळे ओळख शेजारणीइतकी. मी त्यांना मनात बंदरबाई म्हणतो. त्यांना आमच्याच तारेवरून तीन ओळी टाकल्या: अमुक जहाज, त्याचे मुख्य अभियंते, उर्फ बोका, बरेच दिवस संपर्कात नाहीत, सध्या कुठे आहेत ते गुपचूप पाहून कळवावं. ‘उर्फ बोका’ आपलं गंमत म्हणून. इतक्या वर्षांत त्या तारेवरून एकही विनोद गेला नव्हता, तिलाही वाईट वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी उत्तर. भर समुद्रात इंजिन बंद पडलं होतं, दुरुस्त झालं, जहाज मुंगीच्या चालीनं येतंय, आणि येत्या पंधरवड्यात बंदराला लागेल. म्हणजे तुझा बोका तेलानं माखून, शिव्या घालत, सुखरूप आहे.

सासऱ्यांना सांग, ताट त्याचंच.

दादा

६ मे

दादा,

मायना नंतर. जहाज बंदराला लागलं आणि लागताक्षणी अडकवलं.

आधी कुत्री आणली, मग पाणबुडे. मग इंजिनरूम उघडली. त्यानं समुद्रात हातानं जोडलेलं इंजिन यांनी स्क्रूनिशी सुटं केलं. काही निघालं नाही. मला वाटलं, सुटलो. तर नाही! म्हणे काही निघालं नाही म्हणजे फारच हुशारीनं लपवलंय. आता असल्या लोकांना माणसानं काय काढून दाखवावं?

सगळ्यांचे पासपोर्ट घेतलेत. बाकीच्यांना एकेक करून सोडतायत. त्याला नाही. त्याचंच नाव घेऊन आले होते, दादा. खबर पक्की आहे, असं म्हणतात. अमली पदार्थ! ज्याला सर्दीची गोळी घेतली तर दोन दिवस झोप येते, त्याला!

एजंटच्या फोनवरून क्षणभर बोलला. म्हणाला, ‘पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? बोका कोण?’ त्याला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय, तो हसला. तर ‘नाव घेताच हसला’ हे त्यांनी लिहून घेतलं.

हे नाव त्यांना कुठून मिळालं? माझा फोन ऐकत असणार, दुसरं काय. मी आता फोनवर त्याच्याशी फक्त हवापाण्याचं बोलणार.

तू परत विचार. त्या तुझ्या बंदरबाईंना. कोण म्हणतंय, काय म्हणतंय, एवढंच. तुझ्याशिवाय माझं तिकडे कोण आहे?

खार

१५ मे

चि. खारीस,

पत्र मिळालं. मला विचारता येणार नाही. का, ते लिहिता येणार नाही.

चांगला वकील बघ, जहाजांचे खटले चालवणारा. बोक्याला सांग, प्रश्नाला तेवढंच उत्तर दे, आणि हसू नकोस. ताडाच्या झाडावर कावळा बसायला आणि फळ पडायला एक गाठ पडली की लोक कावळ्याला धरतात, याला काकतालीय न्याय म्हणतात. हे तुला सांगून काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण दुसरं काही सांगता येत नाही म्हणून हे सांगतो आहे.

मी बरा आहे. दारं तशीच आहेत.

दादा

२८ मे

वकील बघितला. तुझी कृपा.

कावळ्याची गोष्टही वाचली. दोनदा. नवरा तिकडे लोखंडाच्या डब्यात बसलाय आणि भाऊ मला झाडावरचे पक्षी दाखवतोय.

तुला सांगते तिथे काय चाललंय, तुझ्या माहितीत भर पडू दे. जहाज दूरच्या धक्क्यावर नेऊन बांधलंय. माणसं उतरली. कायद्यानं जहाजावर एक अभियंता लागतो, म्हणून तो आरोपीही आणि राखणदारही. रात्रंदिवस एक छोटं जनित्र चालवतो, कारण ते बंद पडलं तर दिवाही नाही आणि पाणीही नाही. डेकवर फिरायचं तर पहारेकऱ्याला विचारून. तो हो म्हणाला तर कठड्यापर्यंत. परवा मी विचारलं, काय करतोस दिवसभर? म्हणाला, ‘आवाज ऐकतो.’ कसला? ‘जनित्राचा. बदलला की कळायला हवं.’ पूर्वी माझ्याशी बोलता बोलता तीनदा हसायचा. आता ऐकून घेतो, आणि फोन संपला की ‘ठीक आहे’ म्हणतो, मी कुणी साहेब असल्यासारखं.

गेल्या आठवड्यात दुकानात दोन माणसं आली. चष्मा घ्यायला नव्हे. एकाला जवळचं धड दिसत नव्हतं, कागद हातभर लांब धरून वाचत होता. प्रश्न विचारले, चहा प्यायले, गेले. बाकी काही नाही.

तू एक ओळ विचारायची होतीस, दादा. एप्रिलमध्ये विचारलीस तेव्हा नियम कुठे होता? तेव्हा जहाज नुसतं हरवलं होतं म्हणून चालत होतं, आता बट्टा लागला म्हणून सोवळं? असला भाऊ असण्यापेक्षा—

जाऊ दे. हे वाक्य मी दुसरीकडे पुरं केलंय.

९ जून

चि. खारीस,

हे पत्र मी कचेरीच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून मगच आत जाणार आहे. म्हणजे मग मला माघारी फिरता येणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दोन पायऱ्यांच्या मध्ये मी छान उभा राहतो.

तुझा फोन कुणी ऐकलेला नाही. ते नाव मी दिलं.

तुझं सहा मेचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ज्यावरून जहाज अडकवलं तो इशारा उरलेल्या देशांना कळवायला म्हणून माझ्या टेबलावर भाषांतराला आला. जहाजाचं नाव, हुद्दा, आणि पुढे ‘उर्फ बोका’. तीन देशांकडून, शिक्का पक्की. उगम तिन्ही ठिकाणी झाकलेला. पण जगात ते नाव ठाऊक असलेली माणसं तीन. एक जहाजावर, एक चष्म्याच्या दुकानात, आणि तिसरा तो कागद हातात धरून बसलेला.

झालं ते असं. मी बंदरबाईंना विचारलं. त्यांना वाटलं, ही कचेरी विचारते आहे, म्हणजे काहीतरी असणार. त्यांनी जहाज शोधलं, मला कळवलं, आणि आपलं काम म्हणून शेजारच्या देशाला लिहिलं: एक कचेरी या माणसाचा गुपचूप शोध घेते आहे. कोणती कचेरी, ते अर्थातच झाकलं. त्या शेजाऱ्यानं पुढच्याला लिहिलं: या माणसाबद्दल खबर आहे, टोपणनाव वापरतो, ठावठिकाणा लपवून असतो. पुढच्यानं बंदराला लिहिलं: सावध. प्रत्येकानं प्रामाणिकपणे काम केलं. एकानंही खोटं लिहिलं नाही. फक्त माझा प्रश्न गावभर फिरून आला आणि येताना उत्तर होऊन आला. तर्कशास्त्रात याला चक्रक म्हणतात. हा दोष मी वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवला, गोल आणि तीन बाण. ‘बोका’ या शब्दाचं भाषांतर कुणालाच जमलं नाही, तेव्हा एका तज्ज्ञानं टीप जोडली आहे: टोळीतलं पद असावं.

आता कळलं ना, मी पुन्हा का विचारलं नाही? पुन्हा विचारलं असतं तर चौथा शिक्का बसला असता. ज्या वाटेनं त्याला सोडवायचं तीच वाट त्याला आवळते. आणि मी नुसतं ‘ही खबर चुकीची आहे’ असं कळवलं, तर नियमाप्रमाणे माझंही नाव झाकलं जाईल आणि तिघांपुढे एक निनावी माणूस उभा राहील. एकास तीन. त्याला कोण विचारतो?

म्हणून स्वतःच जाऊन सांगायचं, की उगम मी. मग ते विचारतील, तुम्ही त्याचे कोण? आणि नात्याचा म्हटल्यावर माझ्या शब्दाची किंमत उरत नाही. उलट, संशयिताचा मेहुणा इतके दिवस याच खोलीत बसून होता, हे त्यांना आज कळेल. इतके दिवस मी याच भीतीनं गप्प होतो, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तू जनित्राचं लिहिलंस, ते वाचल्यापासून मलाही तो आवाज येतो.

आज कचेरीची, अशा तक्रारी ऐकणारी समिती बसते आहे. पेटी समोरच आहे.

दादा

२० जून

दादा, थांब!

हे तुला वेळेत मिळणार नाही, मला माहितीये, तरी लिहिते. थांब.

ती दोन माणसं आली होती ना? त्यांनी विचारलं, परदेशात कुणी नातेवाईक? मी म्हटलं, कुणी नाही. भाऊ? नाही. सख्खा, चुलत, मावस? मी म्हटलं, मला भाऊच नाही. त्यांनी लिहिलं, मी सही केली.

तुझ्यावर रागावले होते म्हणून नाही रे. म्हणजे रागावले होतेच. पण मला वाटलं, तू तिथे नोकरीला, तुझं नाव माझ्या तोंडून निघालं तर तुझी भाकरी जाईल. तुला वाचवायला म्हणून तुला पुसलं. आता तू तिकडे उभा राहून सांगशील, मी तिचा भाऊ, आणि ते माझा कागद काढतील. म्हणजे आपण दोघं मिळून त्याला आणखी आत ढकललं.

नाव ठेवलंस तू, अडकवलंस तू, आणि मी त्यावर कुलूप लावलं. मावशी असती तर दोघांनाही एकाच कोपऱ्यात उभं केलं असतं.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. त्याला अजून वाटतंय की कुणीतरी दुष्मन आहे. वाटू दे. दुष्मन असला की माणसाला निदान कुणावर तरी चिडता येतं.

खार

३ जुलै

चि. खारीस,

तुझं ‘थांब’ मिळालं. तोवर मी पुढे गेलो होतो. आयुष्यात एकदाच, आणि नेमका तेव्हाच.

समितीत तिघं. मध्ये अध्यक्षबाई, समोर टोक केलेल्या पेन्सिलींची रांग. शेजारी तोच टीप जोडणारा तज्ज्ञ. तिसरा सगळा वेळ पाणी पीत होता.

बाई म्हणाल्या, “तुम्ही त्यांचे कोण?”

“मेहुणा. त्यांच्या पत्नीचा मावसभाऊ.”

“म्हणजे तुम्ही त्यांना वाचवायला आला आहात.”

“बुडवलं मीच, म्हणून.”

“पुरावा?”

“ते नाव मी ठेवलं आहे.”

मग मला बोका म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. नर मांजर, अंगानं भरलेलं, कुठेही झोपणारं. तज्ज्ञानं विचारलं, “म्हणजे टोळीतलं पद नव्हे?” मी म्हटलं, “नाही. सोफ्यावरचं.” पाणी पिणाऱ्याला ठसका लागला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तेव्हा बाईंनी तुझा कागद पुढे सरकवला. “तुमची बहीण म्हणते, तिला भाऊच नाही.”

खाली तुझी सही. तो फराटा मी कुठेही ओळखेन. एक क्षणभर, खारे, मला खरंच वाटलं की तू मला टाकलंस, आणि बरोबर केलंस. मी म्हटलं, “माझ्यासारखा भाऊ असता तर मीही हेच सांगितलं असतं.” बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. आता त्यांच्या लेखी एक खोटं बोलणारी बायको आणि एक नातं सांगत आलेला कर्मचारी. दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडत होते.

शेवटी त्यांनी बंदरबाईंना फोन लावला. मी त्यांचा आवाज प्रथमच ऐकला, माझ्या कल्पनेपेक्षा बराच तरुण. त्या म्हणाल्या, “हो, यांनीच विचारलं होतं. मला वाटलं, हे विचारतायत म्हणजे काहीतरी असणार.” मग म्हणाल्या, “त्यापलीकडे माझ्याकडे काहीच नव्हतं.” पाणी पिणाऱ्यानं पेला खाली ठेवला.

अध्यक्षबाईंनी सांगितलं, तिन्ही देशांनी आपापला उगम उघडा करावा. त्यालाही वेळ लागेल, कारण उगम उघडायला ज्यानं तो दिला त्याची परवानगी लागते, त्याला त्याच्या आधीच्याची. पुन्हा तेच चक्र, फक्त उलट्या दिशेनं. मला म्हणाल्या, “याच वाटेनं तुमच्या त्या फरशांच्या खोक्यांतल्या गोळ्या अडल्या. ही वाट मी बंद करणार नाही.” मी म्हटलं, “बंद करा असं मी म्हणतही नाही.” आणि ते खरं होतं, हीच पंचाईत.

बाहेर पडताना पहिलं दार माझ्या मागे बंद झालं आणि दुसऱ्यानं माझं कार्ड घेतलं नाही. तेवढ्यात रद्द केलं होतं. पलीकडे पहारेकरी. रोज मला ‘पंडित’ म्हणतो. त्यानं काचेतून हात जोडले आणि फोनकडे बोट दाखवलं: वरून सांगतील तेव्हा. मी उभा राहिलो. सकाळचा तो क्षण इतका लांबू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला असावा, “बसा.” बसायला काही नव्हतं. मी आपला काचेवर माझ्या श्वासाचं धुकं धरलेलं पाहत होतो, आणि बोका कठड्यापर्यंत जायला कुणाला विचारत असेल, कसं विचारत असेल, ते प्रथमच मला नीट कळलं.

चौकशी होईपर्यंत मी शहर सोडायचं नाही. आणि खोटं बोललीस म्हणून मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मला पुसताना तुला थोडं तरी जड गेलं असेल, अशी आशा आहे.

दादा

११ सप्टेंबर

ती. दादास,

काल घरी आला.

तू म्हणाला होतास तसंच झालं. पहिल्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं बंदरबाईंकडे, त्यांनी तुझ्याकडे. वकील म्हणाला, ‘असली केस पाहिली नाही, सगळे साक्षीदार एकच निघाले.’ मला परत बोलावून सही घेतली, की भाऊ आहे. मी विचारलं, असून नसल्यासारखा असं लिहू का? त्या लांबून वाचणाऱ्याला मी चष्म्याचा नंबरही सांगून आले. आता त्यानं नीट वाचावं.

पाच देशांनी त्याचं नाव काढलं. सहाव्यानं कळवलंय की एकदा चढलेली नोंद पुसायची त्यांच्याकडे सोय नाही. म्हणजे त्या बाजूला जाणाऱ्या जहाजावर त्याला कुणी घेणार नाही, आणि सगळी जहाजं कधी ना कधी त्या बाजूला जातात.

दार उघडंच ठेवलं होतं मी. बराच वेळ कुणी आलं नाही म्हणून पाहिलं, तर पायपुसण्यावर उभा. बॅग हातात. ‘अरे, आत ये ना,’ म्हटलं तेव्हा आला. सासरे म्हणाले, ‘ताट मांडलंय,’ तर माझ्याकडे बघितलं, बसू का म्हणून. गॅलरीत जायचं तरी विचारतो. रात्रभर जागा होता. मी म्हटलं, झोप की. म्हणाला, ‘इथे फार शांत आहे.’ मी उठून पंखा मोठा केला, तेव्हा कुठे डोळा लागला.

त्याला सगळं सांगितलं. तुझंही. ऐकून घेतलं, म्हणाला, ‘शास्त्रीबुवा आहेत कसे?’ बस, एवढंच.

आज सकाळी मी सवयीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘अरे बोक्या, चहा!’ त्यानं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं, उभा राहिला, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. पालथे. मला दिसतील असे.

मी चहा तिथेच ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

दादा, ते नाव आता आमच्या घरात चालणार नाही. तू परत घे. दुसरं ठेव. तूच ठेवायचं, पहिलंही तूच ठेवलं होतंस. चांगलं, हलकं काहीतरी. आणि चौकशी संपली की ये.

खार

२४ सप्टेंबर

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यालाही. पंखा मोठाच ठेव. विजेचं बिल आलं की मला शिव्या दे, दोघांनाही बरं वाटेल, तुला आणि बिलाला.

मी आहे कसा, तर असा. रोज कचेरीत जातो, कारण न गेलो तर पळालो असं होईल. तळमजल्यावर एक खोली दिली आहे, टेबल आहे, काम नाही. फोन मात्र आता खणात ठेवावा लागत नाही, माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून. पहारेकरी दुपारी येऊन बसतो. त्याला मी शब्दरूपं शिकवतो आहे. विद्यार्थी एक, म्हणजे विभाग निम्म्यानं चालू झाला. खोलीत ऊन येत नाही, तरी तो येतो, ही प्रगतीच.

चौकशी संपेल तेव्हा संपेल. परवा माझी फाइल मला वाचायला दिली, सही करण्यापुरती. त्यात माझं नाव, हुद्दा, आणि पुढे ‘उर्फ शास्त्रीबुवा’. हे त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही, एवढं मी शिकलो आहे. सहा देशांकडे गेलं असणार. आता सीमेवर मी पासपोर्ट पुढे केला की पलीकडचा माणूस पडद्याकडे पाहील, मग माझ्याकडे, आणि म्हणेल, जरा बाजूला उभे राहता का? मला बाजूला उभं राहायला छान येतं, पण तू म्हणतेस तसं इतक्यात येणं व्हायचं नाही.

जुनं नाव मी परत घेतलं. माझ्याकडे आहे, नीट राहील.

नव्याबद्दल. मी ठेवलं आहे. तुझं पत्र वाचताना पंख्यापाशी आलो आणि ते आपोआप सुचलं. छोटं आहे, त्याला शोभेल, तू हसशील. पण खारे, ते मी इथे लिहिणार नाही. कुठल्याही कागदावर, कुठल्याही तारेवर, फोनवरसुद्धा नाही. मी येईन, तो सोफ्यावर झोपलेला असेल, आणि आधी तुझ्या कानात सांगेन, मग त्याच्या.

तोवर त्याला नुसतं ‘अहो’ म्हण.

दादा